बालाघाटचे मँगनीज आणि जगाचा बाजार

एखाद्या प्रदेशाचे भवितव्य त्याच्या भूगर्भातील संपत्तीवरून वर्तविण्याचा प्रघात आहे. बालाघाट जिल्ह्याचा इतिहास पाहता हे अनुमान अपुरे ठरते. भरवेली, उकवा व तिरोडी येथील मँगनीज हे या जिल्ह्याचे वैभव खरे. परंतु त्या वैभवाची भरती-ओहोटी दीर्घकाळ परदेशांतील घडामोडींनीच ठरविली.

पोलाद तयार करण्यास मँगनीज आवश्यक असते. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे ब्रिटिश भांडवलाने खाणकाम चालू झाले, तेव्हा रशियन साम्राज्यातील चियातुरा हे या खनिजाचे मोठे आगर होते. १९०४-०५ चे रशिया-जपान युद्ध व १९०५ ची रशियातील क्रांती यांमुळे तेथील पुरवठा विस्कळीत होऊन भाव कडाडले आणि मध्यप्रांतातील खाणींस सुगीचे दिवस आले. पुढे १९२९ च्या जागतिक मंदीत पाश्चात्त्यांच्या पोलादभट्ट्या थंडावल्या, तशा इकडील कित्येक खाणी बंद पडल्या. मध्यप्रांताची खनिज-निर्यात डोळ्यांपुढे ठेवून बांधलेले विशाखापट्टणमचे बंदर १९३३ मध्ये खुले झाले, ते नेमके मागणी ओसरलेली असताना!

दुसऱ्या महायुद्धानंतरही हेच घडले. १९४८-४९ च्या सुमारास सोव्हिएट रशियाने अमेरिकेस जाणारे मँगनीज आखडते घेतले. त्याचा लाभ भारतास झाला. परंतु १९५७ पासून ब्राझीलमधील अमापाचे आणि १९६२ पासून गॅबनचे खनिज बाजारात येताच तो लाभ आटला. खडक फोडणाऱ्या मजुरास ही नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याची रोजी मात्र त्यांवर अवलंबून होती.

१९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि घरचे गिऱ्हाईक जवळ आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बालाघाट मध्यप्रदेशात राहिले, नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले. तरी भूगर्भातील पट्टा अखंडच होता. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या व नागपुरास मुख्य कचेरी असलेल्या 'मँगनीज ओअर (इंडिया)' कंपनीने दोन्ही बाजूंच्या खाणी एका व्यवस्थेखाली आणल्या; १९७७ मध्ये ती पूर्णतः सरकारी झाली.

तथापि परावलंबन संपले असे म्हणता येत नाही. आज गॅबन व दक्षिण आफ्रिकेचे मँगनीज भारतातच आयात होते आणि त्याच्या भावाशी बालाघाटच्या मालास तुलना करावी लागते. म्हणून या जिल्ह्याचे भविष्य सांगू पाहणाऱ्याने खाणीत किती खनिज उरले एवढेच न पाहता, ते कोण घेणार आणि कोणत्या भावाने, हे प्रथम विचारावे.