ग्रंथपेटीचा धडा

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. साक्षर रयतेने पुढे वाचावे काय, हा प्रश्न उरला. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डेन यांना पाचारण झाले व राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. मात्र वाचनासाठी रयतेने बडोद्यास यावे, अशी अपेक्षा नव्हती. गावाने वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने व तितकीच सरकारने द्यावी. ग्रंथालय गावाने चालवावे. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे फिरत्या ग्रंथांच्या पेट्या विनामूल्य जात.

आज आपली पत्रे, छायाचित्रे व वंशावळी मोजक्या परदेशी कंपन्यांच्या कोठारांत आहेत. २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झाले, तेव्हा तेथील मराठी मंडळांचा अड्डाही मोडला. २०१६ मध्ये निघालेल्या मॅस्टोडॉनची वाट निराळी आहे. प्रत्येक मंडळाने स्वतःचा सर्व्हर चालवावा, तरीही परस्परांशी संवाद राहावा, हे त्याचे तत्त्व. परंतु 'कोणता सर्व्हर निवडावा?' या पहिल्याच प्रश्नाशी कित्येक नवखे अडखळले.

बडोद्याच्या पेटीने असा प्रश्न विचारला नाही. ती गावात आली, उघडली आणि वाचन सुरू झाले. तिची निवड, वाहतूक व नोंद यांचा भार जाणकारांनी वाहिला. कारभार गावाकडे सोपवावयाचा, तर साधनही गावाला पेलेल असेच हवे. घराण्यांचे कागद सांभाळू पाहणाऱ्या आम्हा बडोदेकरांनी हा धडा विसरू नये.