शिवगड ते लंका : 'सिंघम'ची तेरा वर्षे

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे संपादकांनी सांगितले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा बिदरचा किल्ला, बसवकल्याण किंवा हैदराबाद मुक्तिसंग्राम असावा. त्या विषयांवर अधिकाराने लिहिणारी ज्येष्ठ मंडळी आपल्या मंडळात आहेत. आम्ही पडलो डिप्लोमा करून सरकारी नोकरीत शिरलेले, रस्ते आणि मोऱ्या मोजणारे. म्हणून जवळचा इतिहास निवडला, आपल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत घडलेला. एका सिनेमाचा इतिहास. विषय हलका वाटेल, पण वाचकांनी शेवटपर्यंत यावे, ही विनंती.

2024 च्या दिवाळीत, 1 नोव्हेंबर रोजी, 'सिंघम अगेन' प्रदर्शित झाला. 1 नोव्हेंबर म्हणजे आपल्या राज्याचा राज्योत्सव. 1956 साली याच तारखेला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद इकडे म्हैसूर राज्यात आले. झहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. 2014 साली गुलबर्ग्याचे 'कलबुर्गी' झाले तेही 1 नोव्हेंबरलाच. तर सकाळी कचेरीत झेंडावंदन करून आम्ही घरी आलो, लक्ष्मीपूजन उरकले आणि दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन सिनेमाला गेलो. घरी परतताना आमचे चिरंजीव, वय वर्षे पंधरा, म्हणाले, "बाबा, हा मराठी आहे हे नुसतं चिडतानाच कळतं की."

ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

सिंघमची जन्मकथा मुळात मराठी नाही. 28 मे 2010 रोजी दिग्दर्शक हरी यांचा 'सिंगम' तमिळमध्ये आला. त्यात सूर्याने तुतिकोरीनकडच्या नल्लूर गावातला फौजदार दुरैसिंगम रंगवला. 2011 च्या मार्चमध्ये आपल्या कन्नडमध्ये त्याचाच 'केंपेगौडा' झाला; नायक आणि दिग्दर्शक दोन्ही सुदीप. त्यानंतर चार महिन्यांनी, 22 जुलै 2011 रोजी, रोहित शेट्टी यांनी तीच कथा हिंदीत आणली आणि तिला मराठी अंगरखा चढवला. गाव झाले महाराष्ट्र-गोवा सीमेवरचे काल्पनिक शिवगड. फौजदार झाला बाजीराव सिंघम, त्याचे वडील माणिकराव. हुमनाबादच्या माणिकप्रभूंमुळे आपल्या भागात माणिकराव नावाचा माणूस नसलेले गाव सापडणे कठीण, तेव्हा तिथेच आमची ओळख पटली. हवालदाराच्या भूमिकेत अशोक सराफ, नायिकेचे वडील सचिन खेडेकर, एका पोलीस अधिकाऱ्याची विधवा पत्नी सोनाली कुलकर्णी, संगीत अजय-अतुल यांचे. आणि खलनायक जयकांत शिक्रे म्हणजे आपल्या बंगळूरूचे प्रकाश राज, जे तमिळमध्येही खलनायकच होते.

सीमाभागातल्या वाचकांना आणखी एक गोष्ट आठवत असेल. सिनेमा लागल्यावर काही दिवसांतच एका संवादावरून कर्नाटकात वाद पेटला. त्यात कन्नडिगांचा अपमान आहे म्हणून निदर्शने झाली, खेळ बंद पडले. अखेर निर्मात्यांनी नमते घेऊन ते वाक्य काढले. आम्ही पाहिला तेव्हा ते वाक्य गेलेले होते. थिएटरात आमच्या एका बाजूला कन्नड शेजारी आणि दुसऱ्या बाजूला वडील. त्या वाक्यावाचून कोणाचे काही अडले नाही. दोघांनीही सारख्याच शिट्ट्या मारल्या.

शिट्ट्या कशाला होत्या, ते आता सांगतो. त्या मारामारीला नव्हत्या, त्या एका सहीला होत्या.

ज्यांना कथा आठवत नसेल त्यांच्यासाठी : शिक्रे हा गोव्यातला मोठा गुंड. खुनाच्या खटल्यात त्याला अटीवर जामीन मिळालेला आहे आणि अट अशी की त्याने शिवगडच्या पोलीस ठाण्यात सही करायची. तो आपला माणूस पाठवून देतो. बाजीराव म्हणतो, चालणार नाही, ज्याचा जामीन त्याचीच सही. शिक्रेला झक मारत शिवगडला यावे लागते. तिथे सगळा गाव सिंघमच्या पाठीशी उभा असल्याने त्याचे काही चालत नाही. सही करून तो निघून जातो आणि मग मोठे लोक जे करतात तेच करतो : वरून वजन टाकून बाजीरावाची बदली करवतो, स्वतःच्या इलाख्यात.

सही, जामीन, ठाणे. पहिला 'सिंघम' या तीन शब्दांवर उभा आहे, आणि गंमत पाहा, हे तिन्ही शब्द मराठीत आहेत तसेच कन्नडमध्येही आहेत. आपल्या दोन्ही भाषांनी ते जुन्या कारभारातून उचलले. सीमेच्या अलीकडे पलीकडे माणूस कुठेही अडला की याच शब्दांत अडतो.

आम्हाला ही सही अधिकच भिडली, कारण आमची निम्मी नोकरी सह्यांत गेली. फार वर्षांपूर्वी एका कामाच्या मापांवर कंत्राटदाराने स्वतः न येता माणूस पाठवला. आम्ही म्हटले, मालकांना येऊ द्या, सही त्यांचीच लागेल. मालक आले, हसले, सही केली, चहासुद्धा पाजला. दोन महिन्यांनी आमची बदली झाली. आता ती त्याच कारणाने झाली की नियमाप्रमाणे, हे आम्हाला आजतागायत ठाऊक नाही आणि कोणावर रागही नाही. पण शिवगडसारखा गाव काही आमच्यामागे उभा राहिला नाही. निरोपाला आला तो समोरचा चहावाला. म्हणून पडद्यावर शिक्रे पेन हातात घेतो तेव्हा आमच्यासारख्या किती कारकुनांना, तलाठ्यांना आणि हवालदारांना आत काहीतरी थंड वाटले असेल, ते आम्ही समजू शकतो.

आता पुढचे भाग पाहू.

15 ऑगस्ट 2014 ला 'सिंघम रिटर्न्स' आला. बाजीराव आता मुंबईत, वरच्या हुद्द्यावर. समोर एक भोंदू बाबा आणि काळा पैसा. शिवगड मागे पडले. तरी या भागात एक धागा शिल्लक होता : मरण पावलेल्या एका पोलीस शिपायावर भ्रष्टाचाराचा ठपका येतो आणि तो पुसायचा असतो. त्यामुळे हा भाग आम्हाला अर्धा आवडला. 2018 साली 'सिम्बा' आला. त्याचा नायक संग्राम भालेराव हाही शिवगडचाच, पण आता शिवगड म्हणजे नुसता पत्ता. 2021 च्या दिवाळीत 'सूर्यवंशी' आला. अक्षयकुमार, मुंबईवरचा बाँबहल्ल्याचा कट, आणि शेवटी मदतीला सिंघम, सिम्बा दोघेही. आणि 2024 ला 'सिंघम अगेन' : काश्मीर, श्रीलंका, पळवून नेलेली पत्नी, रामायणाशी ओळीओळीने जोडलेली कथा, दीपिका पदुकोण, टायगर श्रॉफ, रणवीर सिंग, अक्षयकुमार. पडद्यावर इतके पोलीस, की चोर कमी पडले.

मोटारी उडाल्या, हेलिकॉप्टरे आली. फक्त बाजीरावाजवळ हरण्यासारखे काही उरले नाही. पहिल्या भागात त्याची बदली होऊ शकत होती. परक्या गावात तो एकटा पडतो, निराश होऊन परत निघायचा विचार करतो. शेवटच्या भागात त्याची बदली करू शकेल असा माणूसच नाही. ज्याची बदली होऊ शकत नाही तो फौजदार आमच्या ओळखीचा नाही.

हे दुखणे एकट्या सिंघमचे नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. तमिळ दुरैसिंगमही नल्लूरहून निघाला तो दुसऱ्या भागात (2013) परदेशी तस्कराच्या मागे आणि तिसऱ्या भागात (2017) थेट ऑस्ट्रेलियात पोहोचला. अमेरिकेतल्या 'डाय हार्ड'चा पहिला भाग (1988) एका इमारतीत एका रात्रीत घडतो. नायकाच्या पायात बूट नाहीत आणि जमिनीवर काचा. पाचव्या भागात (2013) तोच नायक मॉस्कोत मोटारींचा चुराडा करत फिरतो. आपल्याकडेही ही रीत जुनी आहे. वाडिया मूव्हीटोनच्या 'हंटरवाली'ने 1935 साली नादियाला घराघरांत नेले, आणि आठ वर्षांनी, 1943 ला, होमी वाडिया यांनी 'हंटरवाली की बेटी' काढला. चाललेल्या नावावर पुढचा माल विकणे हा धंद्याचा नियम आहे. आठवडी बाजारातल्या भजीवाल्यालाही तो कळतो. नाव ओळखीचे असले की गिऱ्हाईक येते, मग तेल तेच का हे कोणी विचारत नाही.

पण उणे सगळे पुढच्या भागांचेच, असे म्हटले तर तेही खरे नाही. बीज पहिल्याच भागात होते. ज्या बाजीरावाने कायद्यातल्या एका सहीसाठी हट्ट धरला, तोच बाजीराव शेवटी सहकाऱ्यांना घेऊन शिक्रेला पोलीस ठाण्यात गोळी घालतो आणि प्रकरण आत्महत्येचे म्हणून मिटते. तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या, नाही म्हणत नाही. 'सिम्बा'त हाच प्रकार पुन्हा झाला. सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका कार्यक्रमात सिंघमचे नाव घेऊन सांगितले की न्यायाच्या रीतसर वाटेविषयी अधीर करणारे असे सिनेमे घातक संदेश देतात. ते वाचले तेव्हा आम्हाला आमच्या टाळ्या आठवल्या. नोंदवही बंद करून पिस्तूल काढले, तिथेच खरे तर सिनेमा संपला होता. पुढचे भाग त्या शेवटच्या पंधरा मिनिटांचे लांबण आहे.

आता चिरंजीवांच्या वाक्याकडे येतो. पहिल्या भागात मराठी होती ती वडिलांच्या हाकेत, हवालदाराच्या कुजबुजीत, गावच्या चावडीत. पुढे पुढे हवालदार गेला, चावडी गेली, आणि उरली ती एक 'सटकली'. हिंदी प्रेक्षकाला मराठी माणूस म्हणजे काय, तर ज्याची सटकते तो. पुढच्या भागांनी 'सटकली' तेवढी जपली आणि 'सही' सोडून दिली.

मुंबई-पुण्याला याने फरक पडत नसेल. तिथे मराठी दिवसभर कानावर पडते : रागाची, लाडाची, भाजीवाल्याची, बँकेतली. आपल्याकडे तसे नाही. औराद-भालकीच्या खेड्यांत अजून घरोघरी मराठी आहे, पण बिदर-कलबुर्गी शहरांत वाढणाऱ्या आपल्या मुलांची शाळा इंग्रजी, खेळ कन्नडमध्ये, बाजार दख्खनीत. त्यांच्या कानावर घराबाहेर पडणारी मराठी बरीचशी पडद्यावरून येते. आमच्या मुलाचा एक कन्नड मित्र घरी आला की आम्हाला 'सटकली' म्हणून सलाम ठोकतो. पोरगा गोड आहे, त्याला एवढीच मराठी येते. पण आम्हाला वाटते, आपल्या आजोबांनी या मातीत कन्नड शेजाऱ्याशी जी मराठी टिकवली ती चिडण्याची नव्हती. ती गाणगापूरच्या वाटेवर पाणी विचारण्याची होती, माणिकनगरच्या पंगतीत वाढण्याची होती. रागाच्या एका वाक्याने 2011 साली केवढा गोंधळ झाला, ते आपण पाहिले आहे. सीमेवर राहणाऱ्या माणसाला सटकणे परवडत नाही. त्याचे काम सहीवर, शब्दावर आणि शेजाऱ्यावर चालते.

सिनेमावाल्यांना सांगून काही होणार नाही. त्यांचा पुढचा भाग ते काढतीलच. आपल्या मंडळाचा पुढचा भाग मात्र आपल्या हातात आहे. पूर्वी गणपतीत आपलीच माणसे नाटके बसवत. वरच्या आळीतला शिक्षक राजा व्हायचा आणि पोस्टातला कारकून प्रधान. नंतर ऑर्केस्ट्रा आला, मग मोठाले स्पीकर. दरवर्षी आवाज वाढला आणि स्टेजवरची आपली माणसे कमी झाली. हेही एका परीने उत्तरभागच. पुढच्या वर्षी एखादी छोटी एकांकिका मुलांकडून बसवून घ्यावी, आपल्या इथल्याच मिसळीच्या मराठीत, एवढी सूचना आम्ही करतो. तालमींना जागा लागली तर आमच्या घरची गच्ची मोकळी आहे.

यंदा चिरंजीवांना वर्गणीच्या पावत्या फाडायला पाठवले होते. आमच्या गल्लीतल्या वयोवृद्ध कन्नड अज्जांनी दरवर्षीप्रमाणे वर्गणी दिली आणि पावती चष्म्याजवळ नेऊन विचारले, "इदु यार सही?" ही कोणाची सही? देवनागरीत केलेली ती सही जरा वाकडीच होती.

"नन्दे, अज्जा," तो म्हणाला. माझीच.