डॉ. मेघनाद साहांचे दोन निबंध

शास्त्रज्ञाच्या निबंधांचा हवाला इतरांनी किती वेळा दिला, ते मोजून त्याची थोरवी ठरविण्याचा प्रघात आज पडला आहे. गुणपत्रके लिहिण्यात आमचा जन्म गेला. तरीही हे माप आम्हांस सर्वस्वी पटत नाही.

डॉ. मेघनाद साहा (१८९३-१९५६) हे ढाक्याकडील खेड्यातील एका लहानशा दुकानदाराचे पुत्र. कलकत्ता विद्यापीठात अध्यापक असता, १९१७ साली, प्रकाशाच्या दाबावरील एक निबंध त्यांनी अमेरिकेतील ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे धाडिला. निबंध लांब आहे, छपाईच्या खर्चाचा वाटा उचलावा, असे उत्तर आले. आणि खर्च तीन आकडी डॉलरांचा! इतके द्रव्य साहांपाशी कोठचे? अखेर तो विद्यापीठाच्याच पत्रिकेत छापला गेला. ती परदेशी कोण वाचणार? पुढे त्या विषयात नाव झाले ते दुसऱ्यांचे.

१९२० साली मात्र ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ने त्यांचा सूर्याच्या वर्णावरणासंबंधीचा निबंध छापला. अमुक तापमानास व दाबास किती अणू आपले इलेक्ट्रॉन गमावतील, हे त्यांतील समीकरणाने कळू लागले, आणि ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ उलगडला. त्याच्याच आधारे सेसिलिया पेन यांनी १९२५ साली ताऱ्यांत हायड्रोजन विपुल असल्याचे दाखविले. आज तेच ‘साहा समीकरण’ पाठ्यपुस्तकांत इतके रुळले आहे, की ते वापरणारे पुष्कळ जण मूळ निबंधाचा हवालाही देत नाहीत. तो वापर कोणत्या मोजणीत धरावयाचा?

पहिल्या निबंधाची हकीकत साहांनी पुढे एका पत्रात स्वतःच लिहून ठेविली आहे.