गाडीची झडती आणि चालकाचा होकार

अमेरिकेतील महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल पोलीस गाडी थांबवतात. परवाना तपासला जातो, ताकीद दिली जाते आणि मग अधिकारी सहज विचारावे तसे विचारतो, 'गाडीत एकदा डोकावू का?' प्रश्न सौम्य असला तरी त्याच्या उत्तरावर पुढचे सारे अवलंबून असते. चालक 'हो' म्हणाला, तर पोलिसांना ना वॉरंट लागते, ना संशयाचे कारण. 'नाही' म्हणण्याचा हक्क त्याला असतो. मात्र तो आहे हे सांगण्याचे बंधन अमेरिकेच्या बहुतांश भागात पोलिसांवर नाही.

१७९१ मध्ये अमलात आलेल्या चौथ्या घटनादुरुस्तीने अमेरिकी नागरिकाला अवाजवी झडतीपासून संरक्षण दिले. झडतीसाठी सबळ कारण आणि न्यायाधीशाचे वॉरंट हवे, हा मूळ नियम. मोटारीबाबत तो लवकरच सैल झाला. दारूबंदीच्या काळातील 'कॅरोल' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये सांगितले, की वॉरंट येईपर्यंत गाडी पसार होऊ शकते; म्हणून सबळ कारण असेल तर वॉरंटविना झडती घेता येईल. कारण मात्र हवेच. ते नसेल तेव्हा पोलिसांना संमतीचा आधार लागतो.

सनीवेलची रात्र

या विषयातील पायाभूत निकाल १९७३ चा, 'श्नेकलॉथ विरुद्ध बुस्तामोन्ते'. कॅलिफोर्नियातील सनीवेल येथे १९६७ च्या जानेवारीत मध्यरात्रीनंतर एक मोटार थांबवण्यात आली. तिचा एक हेडलाइट आणि नंबरप्लेटचा दिवा बंद होता. आत सहा जण होते. गाडी आपल्या भावाची आहे, असे सांगणाऱ्या प्रवाशाने झडतीला होकार दिला आणि डिकीही स्वतःच उघडून दिली. मागच्या आसनाखाली चोरीचे तीन चेक सापडले.

आपल्याला नकार देता येतो हे त्या प्रवाशाला ठाऊक होते का, असा वाद उभा राहिला. न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला, की संमती स्वेच्छेने दिली की दबावाखाली, हे एकूण परिस्थितीवरून ठरवावे. हक्काची जाणीव हा त्यातील एक घटक आहे, अट नव्हे. न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांनी याला विरोध केला. जो हक्क माहीतच नाही, तो माणूस सोडून कसा देऊ शकतो, हा त्यांच्या भिन्नमताचा गाभा होता. निम्मे शतक उलटले तरी हा प्रश्न मिटलेला नाही.

होकाराची व्याप्ती

अमली पदार्थांसाठी गाडी पाहू देण्यास सरसकट होकार दिला, की गाडीतील बंद कागदी पिशवीही उघडता येते, असे १९९१ च्या 'जिमेनो' निकालाने ठरवले. मात्र होकार देताना मर्यादा घालता येते. 'फक्त डिकी पाहा' असे सांगता येते. १९९६ च्या 'रॉबिनेट' खटल्यात, 'आता तुम्ही जाऊ शकता' असे आधी सांगून मगच संमती मागावी, ही ओहायोच्या न्यायालयाने घातलेली अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

दुसरीकडे, २०१५ च्या 'रॉड्रिग्ज' निकालाने पोलिसांना मर्यादा घातली. वाहतूक नियमभंगाचे काम संपल्यावर, रास्त संशय नसताना, श्वानपथकासाठी काही मिनिटेही गाडी अडवून ठेवता येत नाही.

न्यू जर्सीचा वेगळा मार्ग

संघराज्याने दिले त्याहून अधिक संरक्षण राज्ये देऊ शकतात. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत हेच घडले. नकाराचा हक्क चालकाला ठाऊक होता हे सरकारने सिद्ध करावे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच म्हटले होते. पुढे १९९९ च्या सरकारी अंतरिम अहवालात वर्णभेदाचे चित्र समोर आले. पाहणीतील झडत्यांपैकी सुमारे ७७ टक्के कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक व्यक्तींच्या होत्या. २००२ च्या 'कार्टी' निकालानंतर तेथे वाहतूक नियमासाठी थांबवलेल्या चालकाकडे संमती मागण्यासाठीही रास्त संशय असावा लागतो. मिनेसोटा (२००३) आणि ऱ्होड आयलंड (२००४) यांनीही हीच दिशा धरली. कोलोरॅडोने २०१० मध्ये नकाराचा हक्क आधी सांगणे पोलिसांवर बंधनकारक केले.

भारतात काय?

आपल्याकडे नाकाबंदीत 'डिकी उघडा' हा प्रश्न नसतो, आदेश असतो. येथील झडतीचा कायदा संमतीवर नव्हे, पोलिसांच्या अधिकारावर बेतलेला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपासातील विनावॉरंट झडतीची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि झडतीचे दृकश्राव्य चित्रण करावे लागते. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ५० नुसार अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क सांगावा लागतो; पण २००५ च्या 'पवनकुमार' निकालानुसार हे कलम व्यक्तीच्या शरीरापुरतेच आहे, बॅगेला ते लागू होत नाही.

आदेश पाळण्याची ही सवय घेऊनच आपली माणसे तिकडे गाडी चालवतात आणि प्रश्नालाही आदेश समजतात. नुसता नकार हा संशयाचा आधार ठरत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र नकार शांतपणे, स्पष्ट शब्दांत द्यावा. त्यानंतरही झडती झालीच, तर हाताने अडवू नये. ती बेकायदा होती का, याचा निवाडा न्यायालयात होतो. तेथे संमती दिलीच नव्हती, हे सांगता येणे हाच चालकाचा मोठा आधार असतो. एकदा 'हो' म्हटल्यावर तो आधार बव्हंशी उरत नाही.