नाळेंतील रक्ताची पहिली कसोटी

ज्या गांवीं आपली नाळ पुरली त्या गांवाची ओढ जन्मभर सुटत नाहीं, असें आपल्याकडे म्हणतात. नाळेचा मान एवढा. तिच्यांतील रक्त मात्र वारेबरोबर टाकून देण्याचीच रीत होती, आणि युरोप-अमेरिकेंतील मोठमोठीं प्रसूतिगृहेंहि तेंच करीत. हें रक्त कोणाचा प्राण वांचवूं शकतें, याची प्रचीति येण्यास १९८८ साल उजाडावें लागलें.

अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना संस्थानांत पांच वर्षांचा एक मुलगा फॅन्कोनीच्या पांडुरोगानें आजारी होता. हा रोग आनुवंशिक. हाडांतील मज्जा म्हणजे रक्त घडविणारा कारखाना. तोच यांत हळूहळू बंद पडतो. इतक्यांत त्याची आई पुन्हां गरोदर राहिली. रॉकफेलर विद्यापीठांतील आर्लीन ऑअरबाख यांनीं गर्भाची परीक्षा केली. बाळ त्या रोगापासून मुक्त होतें, आणि त्याच्या पेशींवरील ओळखीच्या खुणाहि भावाशीं जुळत होत्या.

नाळेच्या रक्ताचा उपयोग करून पाहावा, ही कल्पना एडवर्ड बॉइस यांची. इंडियानापोलिसचे हॅल ब्रॉक्समायर यांनीं ती प्रयोगशाळेंत पारखून घेतली. या रक्तांत मज्जेंतल्यासारख्याच मूळ पेशी असतात. शरीराबाहेर त्या तीन दिवस तग धरतात, आणि गोठविल्या तरी मरत नाहींत, असें त्यांना आढळलें. बहीण जन्मली, तिच्या नाळेंतील रक्त गोठवून पॅरिसला नेण्यांत आलें.

पॅरिसलाच कां, असें श्रोते विचारतील. नवें बीं रुजण्यासाठीं रोग्याची जुनी मज्जा औषधांनीं वा किरणांनीं आधीं नष्ट करावी लागते. या रोग्यांच्या पेशी इतक्या नाजूक, कीं नेहमींची मात्रा त्यांना विषच. सौम्य मात्रेची पद्धति सें-लुई रुग्णालयांतील एलियान ग्लुकमन यांनीं बसविली होती. १९८८ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं तें रक्त मुलाला दिलें. तें रुजलें, मुलगा जगला आणि मोठा झाला.

भावाला तारलें तें बहिणीच्या रक्तानें, ही गोष्ट मात्र विसरूं नये. त्याचें स्वतःचें रक्त जपलें असतें, तर त्यांतहि तोच दोष निघाला असता.

पुढें न्यूयॉर्क येथें पाब्लो रुबिन्स्टाइन यांनीं सार्वजनिक पेढी काढली, आणि १९९३ सालीं ड्यूक विद्यापीठांत जोआन कर्ट्झबर्ग यांनीं नात्यांत नसलेल्या बाळाचें रक्त एका रोग्याला दिलें. नवजात पेशी अननुभवी. त्यामुळें खुणांची जुळणी थोडी कमी असली तरी भागतें. अडचण परिमाणाची. एका नाळेंतून जेमतेम शंभर घन सेंटिमीटर रक्त मिळतें. मुलाला तें पुरतें, प्रौढाला कित्येकदां दोन पिशव्या लागतात. अर्ध्याच जुळणाऱ्या नातलगाची मज्जा देण्याची युक्ति साधल्यावर या रक्ताची मागणी कांहींशी ओसरली, हेंहि खरें.

आपल्याकडे मात्र ‘बाळासाठीं आयुष्याचा विमा’ अशा थाटाची जाहिरात करणाऱ्या खाजगी पेढ्या शहरोशहरीं निघाल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीं, स्वतःच्या भावी उपयोगासाठीं हें रक्त सांठविण्यास शास्त्रीय आधार नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. खाजगी सांठवण उचित ठरते ती, घरांतील थोरलें मूल या पेशींनीं बरें होणाऱ्या रोगानें आजारी असून आईला पुन्हां दिवस गेले असतील तेव्हां.