दुर्भिक्ष : पूर्वजांची कसोटी आणि त्यांची शिदोरी

'दुर्भिक्ष' या संस्कृत शब्दाची फोड मोठी अर्थपूर्ण आहे. ज्या काळी भिक्षा मिळणे दुष्कर होते तो काळ दुर्भिक्ष. आणि जेव्हा ती सहज मिळते तो सुभिक्ष. आपल्या पूर्वजांनी दुष्काळाची व्याख्या बाजारभावावरून केली नाही. दारी आलेल्या याचकाच्या पात्रात काय पडते, यावरून केली. रेल्वे नव्हती, बोटींनी धान्य मागविण्याची सोय नव्हती, अशा काळात पर्जन्याने पाठ फिरविली तर माणसे जगली कशी, हा प्रश्न म्हणूनच केवळ अर्थशास्त्राचा नसून धर्माचाही आहे.

राजाचे कोठार

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्भिक्षाची गणना अग्नी, पूर, रोगराई यांच्याबरोबर दैवी संकटांत केली आहे. परंतु दैवावर हवाला ठेवून स्वस्थ बसण्यास तेथे वाव नाही. कोठारातील अर्धा साठा जनपदावरील आपत्तीसाठी राखून ठेवावा, उरलेला अर्धाच वापरावा आणि जुने धान्य काढून त्याजागी नवे भरावे, असा दंडक आहे. दुष्काळ पडल्यावर राजाने प्रजेस बी-बियाणे व अन्न पुरवावे, तटबंदीची वा बांधबंदिस्तीची कामे काढून त्या बदल्यात धान्य द्यावे, धनिकांकडील साठा बाहेर काढावा, मित्रराजांचे साह्य घ्यावे. आणि काहीच न साधल्यास प्रजेसह पीकपाणी असलेल्या प्रदेशात जावे, जलाशयांच्या काठी धान्य, भाजीपाला, कंदमुळे व फळे पिकवावीत, असे उपाय सांगितले आहेत. पुढे रोजगार हमी म्हणून जे ओळखले गेले, त्याचे बीज येथे दिसते.

हे नियम केवळ ग्रंथातच राहिले नाहीत. गोरखपूरजवळील सोहगौरा येथे सापडलेल्या प्राचीन ब्राह्मी लेखात निकडीच्या प्रसंगासाठी असलेल्या दोन कोठारांचा उल्लेख आहे. आज बांगलादेशात असलेल्या महास्थान येथील, इ.स.पूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमाराच्या शिलालेखात, संकटसमयी धान्य व नाणी देण्याची आणि सुकाळ येताच कोठार पुन्हा भरण्याची आज्ञा असल्याचे विद्वान मानतात. दिलेले धान्य परत आले तरच पुढच्या दुष्काळास कोठार भरलेले राहील, हा हिशेब त्यामागे होता.

पाण्याची बांधबंदिस्ती

धान्याच्या आधी पाणी. गिरनारच्या पायथ्याशी चंद्रगुप्त मौर्याच्या काळी पुष्यगुप्त या अधिकाऱ्याने सुदर्शन तलाव बांधला. इ.स. १५० मध्ये अतिवृष्टीने तो फुटला, तेव्हा रुद्रदामनाने प्रजेवर जादा कर व वेठबिगार न लादता स्वतःच्या खजिन्यातून तो दुरुस्त केला, असे तेथील शिलालेख सांगतो. पाचव्या शतकात स्कंदगुप्ताच्या कारकिर्दीत त्याची पुन्हा दुरुस्ती झाली. म्हणजे राजवंश बदलले, तरी तलाव राखण्याचे कर्तव्य बदलले नाही.

आपल्या महाराष्ट्रातही जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख कोरलेला आहे. धान्याचा व्यापार करणाऱ्यांनी पाण्याचे दान द्यावे, यातील औचित्य कोणाच्याही ध्यानी यावे. खेडोपाडी शेतकऱ्याने जमिनीत खोदलेले पेव आणि घरातील कणगी ही याच दूरदृष्टीची लहान रूपे होत.

श्रुतावर आलेले संकट

जैन इतिहासात मगधातील बारा वर्षांच्या दुष्काळास विशेष स्थान आहे. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवरील प्राचीन शिलालेखानुसार भद्रबाहुस्वामींनी निमित्तज्ञानाने बारा वर्षांचे संकट जाणले आणि संघ उत्तरापथातून दक्षिणापथाकडे निघाला. दिगंबर परंपरेप्रमाणे चंद्रगुप्त मौर्यही मुनिदीक्षा घेऊन त्यांच्याबरोबर आले व चंद्रगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली. श्वेतांबर परंपरेप्रमाणे त्या काळी साधू समुद्रतीराकडे गेले. दुष्काळ सरल्यावर पाटलिपुत्र येथे संघ एकत्र आला व ज्याला जे स्मरत होते ते जुळवून अकरा अंगांचे संकलन झाले. बारावे अंग जाणणारे भद्रबाहुस्वामी त्या वेळी नेपाळात असल्याने स्थूलभद्रांना त्यांच्याकडे धाडण्यात आले. तपशिलात परंपरांचे मतभेद असले, तरी दुष्काळाची व स्थलांतराची स्मृती दोन्हींकडे जागती आहे.

येथे एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. आगम तेव्हा मुखोद्गत होते. गृहस्थाच्या घरी चूल पेटली नाही की मुनींना आहार मिळत नाही, आहाराविना स्वाध्याय खंडित होतो आणि एखादा श्रुतधर कालवश झाला की त्याच्याबरोबर शास्त्रही लोपते. पुढे आणखी एका दीर्घ दुर्भिक्षानंतर मथुरेस आर्य स्कंदिलांच्या नेतृत्वाखाली वाचना भरली, त्याच सुमारास वलभीस नागार्जुनांच्या नेतृत्वाखाली भरली. अखेरीस वीरनिर्वाण संवत ९८० मध्ये (मतांतराने ९९३) देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी वलभी येथे आगम ग्रंथारूढ केले. दिगंबर परंपरेतही स्मृती क्षीण होत चालल्याचे पाहून गिरनारवरील धरसेनाचार्यांनी पुष्पदंत व भूतबली यांना श्रुत दिले आणि षट्खंडागम लिपिबद्ध झाला. आहारदान आणि शास्त्रदान ही दोन भिन्न दाने नाहीत, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

जगडूशाहांची कोठारे

मध्ययुगातील कच्छ-भद्रेश्वरचे श्रेष्ठी जगडूशाह यांचे चरित्र सर्वानंदसूरींनी 'जगडूचरित' या संस्कृत काव्यात गायिले आहे. विक्रम संवत १३१३ पासून तीन वर्षे (इ.स. १२५६ ते १२५८) घोर दुष्काळ पडेल, असे गुरू परमदेवसूरींनी त्यांना आधीच सुचविले. जगडूशाहांनी गावोगावी धान्य खरेदी करून कोठारे भरली. व्यापारी दृष्टीने पाहता याहून मोठी संधी ती कोणती! स्वस्ताईत घेतलेला माल टंचाईत दामदुपटीने विकता आला असता. परंतु गुजरातचा राजा वीसलदेव याने धान्याची मागणी केली, तेव्हा कोठारातील ताम्रपट पुढे आला. हे धान्य दीनदुबळ्यांसाठी आहे, असे त्यावर आधीच कोरलेले होते. चरितकारांच्या कथनानुसार राजालाही धान्य मिळाले आणि अन्य राज्यांनाही. ठिकठिकाणी दानशाळा चालल्या.

त्यातील एक प्रसंग हृदयास भिडणारा आहे. हात पसरण्याची लाज वाटणाऱ्या कुलीन कुटुंबांना जगडूशाह आत सुवर्णमुद्रा लपविलेले लाडू धाडीत. त्यांना 'लज्जापिंड' म्हणत. काव्यात अतिशयोक्ती असेल. परंतु घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही काळजी समाजाने आदर्श म्हणून जपली, हे महत्त्वाचे.

सार

कोठार, तलाव, स्थलांतर आणि दान या चार आधारांवर प्राचीन समाज तगला. ते अपुरे पडले, तेव्हा माणसे मेली, गावे ओस पडली, हेही सत्य विसरू नये. तथापि या चारही आधारांची सिद्धता सुकाळातच करावी लागते. पाऊस गेल्यावर तलाव खोदून उपयोग नाही आणि भाव चढल्यावर दानाचा संकल्प जड जातो. जगडूशाहांचा ताम्रपट दुष्काळाआधी कोरला गेला, यातच त्यांचे श्रेष्ठत्व आहे. सुकाळात ज्याने परिग्रहाला मर्यादा घातली, त्याच्याच कोठारात दुर्भिक्षाच्या दिवशी इतरांसाठी काही उरते.