बोरे-बासी

छत्तीसगडमधील पाण्यात भिजवलेल्या भाताचा पदार्थ. ताजा भात निवल्यावर पाण्यात घालून थोड्या वेळाने खाल्ला, तर तो ‘बोरे’. रात्रभर मुरला, तर ‘बासी’. उन्हाळ्यात रायपूर परिसराचा पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेव्हा मीठ, फोडलेला कांदा आणि हिरवी मिरची यांसह बासी सकाळी खाऊन माणसे शेतावर जातात. भाताची शिते फुगून मऊ होतात, पाणी गढूळ होते आणि त्याला किंचित आंबूस वास येतो. हा आंबूसपणा लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंमुळे येतो. यातील काही जीवाणू आतड्यांतील सूक्ष्मजीवसृष्टीला उपकारक मानले जातात. मात्र २००१ च्या जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या व्याख्येनुसार, पुरेशा मात्रेत दिल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजेच प्रोबायोटिक. त्यामुळे आंबलेला प्रत्येक पदार्थ त्यात बसत नाही. बासीला रामबाण ठरवणारे हे सोयीस्करपणे विसरतात. शिवाय शिजलेला भात बराच वेळ उघड्यावर कोमट राहिल्यास बॅसिलस सेरियस वाढून उलट्या-जुलाब होऊ शकतात. १ मे २०२२ रोजी, कामगारदिनी, तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांच्या आवाहनावरून मंत्री-अधिकाऱ्यांनीही बासी खाल्ली. गरिबाची न्याहारी त्या दिवशी छायाचित्रांत झळकली. ओडिशातील पखाळ हा बासीचाच भाऊबंद.